बारसं बर्लिनचं, बाळंतपण फ्रान्सचं

सुई टेकते. आधी थोडी खरखर, मग लांबून येत असलेला बँड. ‘स्पीड ऑफ लाइफ’ धडाक्यात सुरू होत नाही. आवाज हळूहळू वाढत जातो, जणू मंडळी केव्हाची वाजवत बसली आहेत आणि दार आपणच उशिरा उघडलं. आणि मग तो स्नेअर ड्रम. काठी पडते, ठोका निघतो आणि निघताक्षणीच खाली घसरायला लागतो, भरलेलं पोतं जिन्यावरून सोडून द्यावं तसा. पुढचा ठोका येईपर्यंत मागच्याचं शेपूट जमिनीला टेकलेलं असतं.

हा इंग्रज रॉक गायक डेव्हिड बोवीच्या ‘लो’ या अल्बमचा पहिला तुकडा. ‘लो’ १४ जानेवारी १९७७ ला बाजारात आला. त्याच्याबद्दल आजवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं या आवाजापाशी येऊन थबकतं आणि लगेच दुसरीकडे वळतं: बर्लिनची भिंत, इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो, सिंथेसायझर, जर्मन संगीताचा प्रभाव, कोकेनच्या विळख्यातून सुटका. काठी कुणाच्या हातात होती हे बहुधा येत नाही, आणि आलंच तर कंसात येतं.

‘लो’ थोर आहे की नाही हा वाद आता संपलेला आहे आणि तो उकरून काढायची मला हौस नाही. २००४ साली पिचफोर्क या अमेरिकन संगीत-संकेतस्थळानं सत्तरच्या दशकातल्या शंभर सर्वोत्तम अल्बमांची यादी केली तेव्हा पहिला नंबर यालाच दिला. माझी तक्रार नंबराबद्दल नाही, हिशेबाबद्दल आहे. ही सगळी थोरवी आपण चुकीच्या खात्यावर जमा करून बसलोय. ‘लो’ म्हणजे युरोपच्या थंडीत, एका इंग्रज विचारवंताच्या मदतीनं, यंत्रांच्या संगतीत घडलेला अल्बम, ही कहाणी ऐकायला झकास आहे. पण अल्बम नीट ऐकला की ती ठिकठिकाणी उसवते.

आधी पत्त्याचं बघू. ‘लो’, ‘हीरोज’ आणि ‘लॉजर’ या तिघांना मिळून ‘बर्लिन त्रयी’ म्हणायची पद्धत पडली आहे. यातला ‘हीरोज’ (१९७७) तेवढा अस्सल बर्लिनचा. ‘लॉजर’ (१९७९) स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोत आणि न्यूयॉर्कमध्ये झाला, बर्लिनचा त्याला वारासुद्धा लागलेला नाही. आणि ‘लो’चं बहुतेक काम सप्टेंबर १९७६ मध्ये पॅरिसच्या वायव्येला असलेल्या शातो देरूव्हिल नावाच्या जुन्या वाड्यात झालं. एल्टन जॉनच्या १९७२ च्या ‘हाँकी शातो’चं नाव याच वाड्यावरून पडलेलं. तिथला मुक्काम काही फार सुखाचा नव्हता. मोठ्या निजायच्या खोलीत भूत आहे म्हणून बोवीनं तिथे झोपायला साफ नकार दिला. जेवणाची आबाळ होती, आणि खराब चीज पोटात जाऊन बोवी आणि त्याचा सहनिर्माता टोनी व्हिस्काँटी दोघेही आडवे झाले. त्यातच जुन्या मॅनेजरशी कज्जा चालू होता, त्यापायी बोवीला अधूनमधून पॅरिस गाठावं लागे. शेवटी वैतागून सगळं सामान पश्चिम बर्लिनमधल्या हान्सा स्टुडिओत हलवलं. काही गायन, दुसऱ्या बाजूचे काही तुकडे आणि मिक्सिंग एवढं तिथे झालं. म्हणजे बारसं बर्लिनला झालं, बाळंतपण फ्रान्समध्येच उरकलं होतं.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा ‘सबटेरेनियन्स’. भिंत उभी राहिल्यावर पूर्व बर्लिनमध्ये अडकून पडलेल्या लोकांबद्दल तो आहे, आणि मधूनच ऐकू येणारा क्षीण सॅक्सोफोन म्हणजे जुन्या बर्लिनची आठवण, असं खुद्द बोवीनं सांगितलं. पण या तुकड्याची सुरुवात झाली होती ‘द मॅन हू फेल टू अर्थ’ या चित्रपटासाठी बोवी जे संगीत करू पाहत होता त्यात. ते संगीत वापरलं गेलंच नाही. म्हणजे अल्बममधल्या सर्वांत ‘बर्लिनी’ तुकड्याच्या कळा लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या. यात लबाडी काही नाही. कलावंत जुनं कापड उसवून नवं शिवतोच. पण शहराच्या नावाची पाटी किती नंतर आणि किती सहज लागते, ते यावरून दिसतं.

आता ईनो. अनेक वर्षं लोक ‘लो’चा निर्माता म्हणून ब्रायन ईनोचं नाव घेत आले. कव्हरवर स्वच्छ छापलंय: निर्माते डेव्हिड बोवी आणि टोनी व्हिस्काँटी. व्हिस्काँटीला हे आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगावं लागलं आणि दर वेळी त्याच्या आवाजातला वैताग थोडा वाढलेला असे. ईनो वाड्यावर पोचला तेव्हा पहिल्या बाजूच्या गाण्यांचा ताल, बास आणि गिटार बसून झाले होते. तो आला तो सुटकेसमध्ये मावणारा सिंथेसायझर घेऊन, आणि त्यानं जे केलं ते मोलाचंच आहे. ‘वार्शावा’ त्याच्याशिवाय झालाच नसता. बोवी कज्ज्यासाठी बाहेर गेलेला असताना व्हिस्काँटीचा लहान मुलगा पियानोवर तीनच सूर पुन्हा पुन्हा वाजवत बसला होता, ते ईनोनं उचलले आणि त्यावर तो तुकडा उभा केला. त्या तुकड्याच्या श्रेयात बोवीबरोबर ईनोचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. माझा झगडा ईनोशी नाही. त्याच्या नावाच्या सावलीत कोण झाकलं गेलं, तो माझा मुद्दा आहे.

झाकले गेले तिघे. गिटारवर कार्लोस आलोमार, ड्रमवर डेनिस डेव्हिस, बासवर जॉर्ज मरी. आलोमार पोर्तो रिकोत जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या बँडमध्ये तयार झालेला. जेम्स ब्राऊनकडेही त्यानं वाजवलेलं. डेव्हिस आणि मरी दोघे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक. डेव्हिसनं रॉय एयर्सबरोबर वाजवलं होतं आणि पुढे तो स्टीव्ही वंडरकडे गेला. ‘स्टेशन टू स्टेशन’पासून ‘स्केरी मॉन्स्टर्स’पर्यंत, म्हणजे १९७६ ते १९८० या काळातल्या बोवीच्या पाचही स्टुडिओ अल्बमांचा पाया हे तिघेच. निर्माते, शहरं, कपडे, केसांचा रंग, सगळं बदललं. खालचा ताल बदलला नाही.

काम कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. बोवी हातात तयार गाणं घेऊन येत नसे. काही कॉर्ड्स, एखादी चाल, एखादा मूड, बस. मग आलोमार, डेव्हिस आणि मरी त्यातून काहीतरी वाजवण्याजोगं बांधत. कुठे थांबायचं, कुठला बार दोनदा घ्यायचा, बास ड्रमच्या पुढे जाणार की मागे राहणार, हे त्यांच्यात ठरायचं. जेमतेम काही दिवसांत हे उरकलं आणि तालवाले घरी गेले. शब्द नंतर आले. काही ठिकाणी आलेच नाहीत. पहिल्या बाजूच्या सातांपैकी पहिला आणि शेवटचा तुकडा शब्दांशिवाय आहे, कारण बोवीकडे त्या वेळी सांगण्यासारखं फारसं नव्हतं. जे होतं ते एका खोलीत पडदे ओढून बसलेल्या माणसाचं होतं, दोन-चार ओळींत संपणारं.

म्हणूनच ही गाणी एवढी तोकडी आहेत. सातही मिळून एकोणीस मिनिटं आणि वर काही सेकंद. ‘ब्रेकिंग ग्लास’ तर दोन मिनिटंसुद्धा भरत नाही. रंगात आलं असं वाटतं तोच ते विझत जातं. समीक्षकांनी या तोकडेपणाला ‘तुटलेपणाचं सौंदर्य’ वगैरे नावं दिली. मला ते जरा सोज्वळ वाटतं. गाणारा माणूस खचलेला होता, शब्द सुचत नव्हते, आणि तरीही गाणं उभं राहतं, कारण त्याच्याखाली तीन माणसं ठणठणीत उभी आहेत. गायकाचा तोल जातो तेव्हा धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. या अल्बममध्ये ते काम बास करतो.

आता त्या स्नेअरकडे परत येऊ, कारण सगळी गफलत तिथेच आहे. व्हिस्काँटीकडे इव्हेंटाइड कंपनीचा एच ९१० हार्मोनायझर नावाचा डबा होता. आत गेलेला सूर हा डबा वरच्या किंवा खालच्या पट्टीत करून परत देतो. व्हिस्काँटीनं त्यात स्नेअरचा आवाज सोडला, पट्टी किंचित उतरवली आणि बाहेर आलेला आवाज पुन्हा आत वळवला. परिणाम असा की ठोका प्रत्येक फेरीत आणखी खाली जातो. तेच ते जिन्यावरचं पोतं. अल्बम आल्यावर इतर निर्माते व्हिस्काँटीला विचारायला लागले, हे केलं कसं? तो उलट त्यांनाच विचारायचा, तुम्हाला काय वाटतं?

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. यंत्राची गोष्ट सांगायला सोपी असते. पण डेव्हिसच्या कानांवर हेडफोन होते आणि वाजवताना त्याला तो बदललेला आवाज ऐकू येत होता. तो नुसता वाजवून गेला आणि मागाहून कुणी त्यावर प्रक्रिया केली, असं घडलेलं नाही. काठी जोरात मारली की पोतं वेगळं घसरतं, हलकी मारली की वेगळं, हे त्यानं ओळखलं आणि तो त्या घसरणीशी खेळू लागला. एखादा तबलजी नव्या तबल्याची शाई कुठे कशी बोलते ते दोन मिनिटांत हेरतो आणि मग त्या खोडीचंच वळण करतो, तसं. ‘व्हॉट इन द वर्ल्ड’ ऐका. हा ड्रमर यंत्राच्या पाठीवर बसलाय. त्या गाण्यावर बोवीचा मित्र, अमेरिकन रॉक गायक इगी पॉपचाही आवाज आहे, पण लक्ष ठेवा ते ड्रमवर.

बोवीला हे पुरतं ठाऊक होतं. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडशी तुलना झाली की तो पुढच्या काळातल्या मुलाखतींत फरक समजावून सांगायचा: त्यांचा ताल इलेक्ट्रॉनिक, ताठ, न हलणारा. आमच्याकडे डेनिस डेव्हिससारखा जबरदस्त भावनेनं वाजवणारा ड्रमर होता आणि आम्ही त्याचा आवाज पिळून घेतला. म्हणजे अल्बमचा मालक सांगतोय की यंत्राखाली माणूस आहे. ऐकणारे मात्र यंत्राचंच नाव घेत राहिले.

कव्हर उलटून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. माझी प्रत मुंबईच्या चोर बाजारातली, कोपरे उंदरांनी कुरतडलेली, पण अक्षरं शाबूत. ‘ब्रेकिंग ग्लास’ या गाण्याच्या श्रेयात तीन नावं आहेत: बोवी, डेव्हिस, मरी. ड्रमर आणि बासवाल्याला गीतकार-संगीतकार म्हणून वाटा. सत्तरच्या दशकात हे रोज घडत नव्हतं. हजेरीचे पैसे घेऊन वाजवणारा वादक स्टुडिओतून बाहेर पडला की त्याचा गाण्याशी संबंध संपायचा. गाणं पुढची पन्नास वर्षं रेडिओवर वाजत राहिलं तरी त्याला त्यातलं काही मिळत नसे. बोवी या बाबतीत अनेकांपेक्षा सरळ होता. १९७५ च्या ‘फेम’वरही जॉन लेननबरोबर आलोमारचं नाव आहे. तरीही एकच गाणं? जो माणूस बाकीच्या सहा गाण्यांखालचा बास बांधतो, त्याचं त्या सहांत काहीच नाही? कायद्याच्या भाषेत उत्तर सोपं आहे: चाल आणि शब्द म्हणजे गाणं, बाकी सगळी सजावट. ही व्याख्या ज्या काळात गाणी कागदावर विकली जायची त्या काळातली आहे. ‘लो’वर ती लावली तर हातात काय राहतं? ‘स्पीड ऑफ लाइफ’ची चाल पेटीवर वाजवून बघा. बालवाडीतलं गाणं वाटेल.

याच कव्हरवर ‘सबटेरेनियन्स’साठी जादा वादक म्हणून दोघांची नावं आहेत, ‘पीटर आणि पॉल’. आडनावंसुद्धा नाहीत.

हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला गोव्याचे अरेंजर आठवणारच. हिंदी चित्रपटांचं सोन्याचं युग ज्यांच्या स्वरलिपीवर चाललं त्या सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांची नावं पडद्यावर सहसा आली नाहीत. आणि याच १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव गाण्यात घातलं, तर लोकांना ते विनोदी पात्राचं नाव वाटलं. असो. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.

‘साउंड अँड व्हिजन’वर मात्र मला थांबायचंय, कारण माझा सगळा दावा तीन मिनिटांत तपासून बघता येतो. गाणं तीन मिनिटांचं, आणि त्यातली जवळपास निम्मी संपेपर्यंत बोवी तोंडच उघडत नाही. रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यात गायकानं दीड मिनिट गप्प राहणं म्हणजे व्यापारी आत्महत्या. तरीही ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि बीबीसीनं आपल्या कार्यक्रमांच्या जाहिरातींखाली ते वाजवलं. का? त्या दीड मिनिटात काय चाललंय ते ऐका. डेव्हिसच्या झांजेतून दर थोड्या वेळानं वाफ सुटल्यासारखा फुस्स असा आवाज येतो. आलोमारची गिटार तोच छोटा तुकडा विणत राहते, अगदी हसऱ्या चेहऱ्यानं. वरून सिंथेसायझरच्या तारा पायऱ्या उतरत येतात. मरीचा बास दोन पावलं पुढे, एक मागे. मग बायकी आवाजातला एक छोटा, निरर्थक आलाप. तो मेरी हॉपकिनचा. १९६८ मध्ये ‘दोज वेअर द डेज’ गाऊन घरोघरी पोचलेली गायिका, तेव्हाची व्हिस्काँटीची बायको. तिनं तो आलाप गायला तेव्हा गाण्याला शब्द नव्हते, नावही नव्हतं. गाणं नसलेल्या गाण्याला ती साथ करत होती.

आणि मग बोवी येतो, खालच्या पट्टीत, जरा घोगरा, आणि एका निळ्या खोलीत एकटं बसून काहीतरी सुचायची वाट बघणाऱ्या माणसाबद्दल गातो. शब्द कमालीचे उदास. खालचा बँड कमालीचा आनंदी. गाण्याची सगळी जादू या दोघांच्या मधल्या फटीत आहे. बँड काढून घेतला तर एका आजारी माणसाची डायरी उरेल. ‘थंड युरोपियन अल्बम’ हे वर्णन मी वाचतो तेव्हा दर वेळी हेच गाणं डोक्यात येतं. नाचायला पाय आपोआप हलतात, त्याला थंड कसं म्हणायचं?

बोवीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या आरसीए कंपनीची एक गोष्ट सांगतात. ‘लो’ ऐकून तिथले साहेब एवढे हबकले की त्यातल्या एकानं बोवीला फिलाडेल्फियात घर घेऊन देण्याची तयारी दाखवली. अट एकच, पुन्हा ‘यंग अमेरिकन्स’सारखं काहीतरी कर. म्हणजे तो फिलाडेल्फियाच्या सोल संगीताचा, हमखास खपणारा बोवी परत आण. साहेबांना हे कळलंच नाही की ‘यंग अमेरिकन्स’वर वाजवणारे आलोमार आणि डेव्हिस या अल्बमवर जागच्या जागीच आहेत. फिलाडेल्फिया त्यांच्या हातात होतं, त्यांनी ते युरोपचं पार्सल समजून बाजूला ठेवलं. समीक्षकांनी पुढे नेमकी हीच चूक केली, फक्त साहेबांनी नाक मुरडलं आणि यांनी टाळ्या वाजवल्या.

(टाळ्यासुद्धा पहिल्या दिवसापासून नव्हत्या. एनएमई या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकातल्या चार्ल्स शार मरीनं अल्बमला चांगलाच झोडपला. बासवाल्या मरीशी त्याचा संबंध नाही. आणि इंग्रज गायक निक लोवनं (Lowe), आपल्या आडनावातला इंग्रजी ‘e’ बोवीनं अल्बमच्या नावात (Low) गाळला म्हणून, आपल्या ईपीचं, म्हणजे छोट्या रेकॉर्डचं, नाव ‘Bowi’ ठेवलं, त्यातलाही ‘e’ गाळून. संगीताच्या इतिहासातले सगळेच वाद एवढे खेळीमेळीनं मिटले असते तर बरं झालं असतं.)

दुसऱ्या बाजूबद्दल आता जरा कडू बोलतो. ‘वार्शावा’, ‘आर्ट डिकेड’, ‘वीपिंग वॉल’, ‘सबटेरेनियन्स’ हे चार तुकडे म्हणजे ‘लो’ची खरी क्रांती, असं सर्रास म्हटलं जातं. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासनं १९९२ साली ‘लो सिम्फनी’ लिहिली ती ‘सबटेरेनियन्स’, ‘वार्शावा’ आणि अल्बममध्ये न घेतलेल्या ‘सम आर’ या तुकड्यावर. पहिल्या बाजूतलं एकही गाणं त्यात नाही. संगीतकारानं आपल्याला जे भावलं ते उचललं, त्यात वावगं काहीच नाही. पण त्यानंतर एक समजूत घट्ट झाली की पहिली बाजू म्हणजे पॉप आणि दुसरी म्हणजे कला. सिम्फनी व्हायच्या लायकीचं तेवढंच गंभीर.

मला वाटतं, वयाचा परिणाम झालाय तो दुसऱ्या बाजूवर. ‘वार्शावा’ अजूनही अंगावर येतो. एका पोलिश लोकगायक संचाच्या ध्वनिमुद्रणावरून बोवीला सुचलेले ते कुठल्याच भाषेत नसलेले शब्द, आणि टेपचा वेग खालीवर करून पोरगेलासा केलेला आवाज, हे आजही कुणाला सहज जमणार नाही. ‘सबटेरेनियन्स’ही टिकून आहे, आणि तो टिकलाय त्या थकलेल्या सॅक्सोफोनमुळे, म्हणजे पुन्हा एका माणसाच्या फुंकरीमुळे. पण ‘वीपिंग वॉल’? तिथे बोवी एकटाच सगळी वाद्यं वाजवतो. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशच्या फिरत्या सुरावटींची ती नक्कल कुठे पोचत नाही, नुसती गोल गोल फिरते. ‘आर्ट डिकेड’ देखणा आहे, पण त्या पद्धतीचे सूर गेल्या चार दशकांत इतक्या माहितीपटांखाली आणि इतक्या उदास पोलिसी मालिकांखाली वाजून गेलेत की आता ते ऐकताना पडद्यावर पावसात उभी असलेली गाडी दिसायला लागते. हा दोष बोवीचा नाही. पण ज्याची इतक्या सहज नक्कल होते त्याला अनन्य म्हणताना थोडं थांबावं. डेव्हिसच्या स्नेअरचा आवाज पुढे अनेकांनी विकत घेतला, डबा बाजारात मिळतच होता. डेव्हिस कुणाला विकत मिळाला नाही. मँचेस्टरच्या ज्या पोरांनी ‘वार्शावा’वरून आपल्या बँडचं नाव वॉर्सा ठेवलं आणि पुढे जॉय डिव्हिजन झाले, त्यांनी नाव दुसऱ्या बाजूवरून घेतलं. ड्रमच्या आवाजाचा ध्यास मात्र पहिल्या बाजूवरचा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हेच तिघे ‘स्टेशन टू स्टेशन’वरही होते आणि तो ‘लो’सारखा नाही. मग फरक कुणामुळे पडला? बोवीमुळेच, व्हिस्काँटीमुळे आणि हो, ईनोमुळेही. दिशा बोवीनं दिली, जोखीम त्यानं घेतली, कंपनीच्या शिव्या त्यानं खाल्ल्या. अल्बमची जाहिरात करत फिरायचं सोडून तो इगी पॉपच्या दौऱ्यात पेटीवाला म्हणून मागे जाऊन बसला, हेही त्यानंच केलं. मला यातलं काहीच काढून घ्यायचं नाही. तिघांचं नाव घेतलं की बोवीचं नाव लहान होतं, हे गणितच मला मान्य नाही. उलट आपण काय करतोय हे ज्याला कळतं तोच खचलेल्या काळात अशी माणसं बरोबर ठेवतो. १९७८ च्या जागतिक दौऱ्यात कार्यक्रमाची सुरुवात ‘वार्शावा’नं व्हायची, आणि त्या बँडचं नेतृत्व आलोमारकडे होतं. ज्या तुकड्याला आपण न्यूयॉर्कपासून सगळ्यात दूरचा समजतो, तो मंचावर उभा करायचं काम अपोलोच्या बँडमधून आलेल्या माणसाकडे होतं.

मग ही कहाणी एवढी घट्ट का रुजली? मला तरी वाटतं, लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी. भिंतीबद्दल लिहिता येतं, शीतयुद्धाबद्दल लिहिता येतं, ईनोबद्दल तर अर्ध्याहून जास्त तयारच असतं, कारण तो स्वतःच्या कामावर सुरेख बोलतो. बासच्या एका वळणावर दोन परिच्छेद लिहायचे तर कान लागतात आणि शब्द सापडत नाहीत. त्यात एक जुनी, न बोललेली सवयही आहे: गोऱ्या माणसानं प्रयोग केला की ते डोकं, काळ्या माणसानं ताल धरला की ते रक्त. डोक्याला श्रेय मिळतं, रक्ताला कौतुक. डेव्हिसनं त्या डब्याच्या घसरणीशी जे केलं ते शुद्ध डोकं होतं.

१० जानेवारी २०१६ ला बोवी गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी पहिली पानं काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेनिस डेव्हिस गेला. मला ते काही महिन्यांनी कळलं, तेही कुठल्यातरी गिटारवाल्याच्या मुलाखतीत ओझरता उल्लेख आला म्हणून.

पहिल्या बाजूचा शेवटचा तुकडा ‘अ न्यू करिअर इन अ न्यू टाउन’. सुरुवातीला यंत्राचा बारीक, टकटक करणारा ठेका आणि त्यावर धूसर सूर. काही क्षण वाटतं की चला, इथे क्राफ्टवर्क सुरू झालं. आणि मग कुणी लाथ मारून दार उघडावं तसा डेव्हिस आत येतो, मागून मरी आणि आलोमार, रॉय यंगचा पियानो, आणि वर बोवीचा माउथ ऑर्गन, ब्लूज वाजवणारा. थोड्या वेळानं टकटक परत येते. परत दार उघडतं. मग सुई शेवटच्या खाचेत जाऊन खरखरत राहते. रेकॉर्ड उलटायला उठावं लागतं. बरेचदा मी उठतो आणि हीच बाजू पुन्हा लावतो.